भूखंडविक्रीपूर्वी रेखांकनाची मंजुरी : व्यापारी बांधवांनी जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

आपल्या पेढीवरील तराजू ठराविक मुदतीने तपासला जातो व त्यावर अधिकृत शिक्का उमटविला जातो. मापात खोट निघाली तर दंड होतो, आणि दंडाहूनही अधिक म्हणजे बाजारात पत जाते, हे आपल्यापैकी कोणास सांगावयास नको. परंतु हाच व्यापारी जेव्हा शहराबाहेरची चार-दोन एकर जमीन घेऊन तिचे भूखंड पाडावयास निघतो, तेव्हा मात्र चुन्याने आखलेल्या रेघा आणि ओळखीच्या कोणी काढून दिलेला नकाशा एवढ्या आधारावर लाखो रुपयांचे सौदे करून बसतो. गेल्या कित्येक वर्षांत अडतीच्या, किराण्याच्या व कापडाच्या धंद्यातील शिल्लक जमिनीत गुंतविण्याची रीत आपल्या सीमाभागात वाढली आहे. यास्तव विक्रीपूर्वी नकाशा कोणाकडे दाखल करावा लागतो, तो मंजूर होणे म्हणजे काय, आणि मंजुरीवाचून विकल्यास काय ओढवते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे. आमचा मुख्य भर बेळगाव व आसपासच्या कर्नाटक हद्दीतील नियमांवर राहील. इतर ठिकाणांचा उल्लेख ओघाने येईल.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांस विद्वत्तेने आलेला नाही, तो चुकीने आला आहे. आमच्या वडिलांनी शहरालगतच्या एका खेड्यात एक एकर दहा गुंठे जमीन घेऊन ठेविली होती. २०११ साली दुकानाच्या वाढीसाठी भांडवलाची गरज पडली, तेव्हा आम्हां तिघा भावांनी तीस फूट बाय चाळीस फुटांचे अठ्ठावीस भूखंड कागदावर पाडले, मध्ये वीस-वीस फुटांचे रस्ते सोडले आणि इसार घेण्यास आरंभ केला. अकरा जणांनी पैसे दिले. त्यांत आमच्या गल्लीतील दोन शिक्षक होते, एक विधवा भगिनी होत्या, आणि आमच्याच दुकानावर वीस वर्षे पोती वाहिलेला एक हमाल होता. त्याने गावाकडील म्हैस विकून इसाराची रक्कम आणली होती. बाकीच्या गोष्टी मागाहून होतील, अशी आमची समजूत होती. इसार देणाऱ्यांची समजूत तर याहून साधी होती : शेठजींनी नंबर दिला म्हणजे भूखंड आपला झाला.

पुढे रीतसर अर्ज केला, तेव्हा कळले की शहराच्या विकास आराखड्यातील एका नियोजित रस्त्याची रेषा आमच्या जमिनीच्या पश्चिम बाजूवरून जाते. आतील वीस फुटांचे रस्ते नियमात बसत नव्हते. बागेसाठी व सार्वजनिक सोयींसाठी जागा सोडणे भाग होते, तिचा आम्ही विचारच केला नव्हता. २०१४ साली नकाशा मंजूर होऊन हाती आला, तेव्हा अठ्ठाविसांचे एकोणीस भूखंड उरले होते. ज्यांनी इसार दिला होता त्यांपैकी चौघांच्या जागा जमिनीवरून नाहीशा झाल्या. दोन रस्त्याखाली गेल्या व दोन बागेत. दोघांनी व्याजासह पैसे परत घेतले. आमच्या हमालाने काही न बोलता दुसरा नंबर पत्करला. त्याचे ते न बोलणे आम्हांस फार जड गेले. चौथे गृहस्थ तोपर्यंत वारले होते. त्यांच्या वारसांत मतभेद असल्यामुळे पावती कोणाच्या नावे करावयाची हे ठरले नाही, आणि ती रक्कम आजही आमच्या वहीत त्यांच्या नावे जमा आहे. कोणी आम्हांवर फिर्याद केली नाही. आज असा व्यवहार केला तर फिर्यादीची वाटही पाहावी लागणार नाही, कारण नुसते विक्रीस काढणे हाच आता कायद्याचा भंग ठरतो. त्याकडे आम्ही पुढे येऊच.

प्रथम रेखांकन म्हणजे काय ते पाहू. आपण बोलताना ज्यास ‘ले-आऊट’ म्हणतो तोच हा नकाशा. एका सर्व्हे नंबरातील जमीन कोणत्या मापाच्या किती तुकड्यांत विभागली जाणार, प्रत्येक तुकड्यास कोणत्या रस्त्याने वाट मिळणार, तो रस्ता शेजारच्या रस्त्यास कोठे जोडला जाणार, पावसाचे व सांडपाणी कोठे वाहून जाणार, मोकळी जागा कोठे राहणार, हे सर्व प्रमाणात काढून दाखविणारा तो कागद होय. तो सक्षम अधिकाऱ्याने तपासून, त्यावर मंजुरीचा क्रमांक व दिनांक घालून सही-शिक्का केला म्हणजे त्यास बळ येते. तोपर्यंत भूखंड क्रमांक सात किंवा आठ असे काही अस्तित्वातच नसते. असते ती केवळ एक शेतजमीन, एका उताऱ्यावरची, पूर्वीच्या चतुःसीमांची. आम्ही अकरा जणांस जे विकावयास निघालो होतो ते मुळात जन्मास आलेलेच नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही.

आता कर्नाटकातील क्रम. सुरुवात मोजणीपासून होते. सर्व्हे नंबराचा काही भागच विकावयाचा असेल तर ‘अकरा-ई’ या नावाने ओळखला जाणारा मोजणी नकाशा काढावा लागतो व तो खरेदीखतासोबत जोडावा लागतो. परवानाधारक मोजणीदार जागेवर येऊन हद्दी मोजतो आणि मूळ नंबराचा कोणता भाग वेगळा होत आहे ते दाखवितो. राज्याच्या मोजणी खात्याच्या संगणक-व्यवस्थेस ‘मोजिणी’ असेच नाव आहे. आपल्या मराठी वाचकांस ते परके वाटू नये. मात्र येथे एक घोटाळा होताना आम्ही पाहतो. अकरा-ई नकाशा म्हणजे रेखांकनाची मंजुरी नव्हे. तो शेतजमिनीचा एक भाग निराळा करून दाखवितो, एवढेच. त्या भागावर घरे बांधण्याची वा त्याचे आणखी भूखंड पाडण्याची परवानगी त्यात नसते.

दुसरी पायरी बिनशेतीची. आपल्याकडे जुन्या मुंबई इलाख्यापासून ‘एन.ए.’ हा शब्द रूढ आहे आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरही तो लोकांच्या तोंडून गेला नाही. कर्नाटक जमीन महसूल अधिनियम, १९६४ याच्या कलम ९५ प्रमाणे शेतजमीन अन्य उपयोगासाठी वापरावयाची असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगीवाचून वापर केल्यास कलम ९६ खाली कारवाई होते. येथेही तोच घोटाळा दुसऱ्या रूपाने होतो. एन.ए.चा हुकूम हाती आला की मालक पेढे वाटतो आणि दुसऱ्या दिवशी दगड रोवतो. वास्तविक त्या हुकुमाने जमिनीचा उपयोग बदलण्यास संमती मिळाली. जमिनीचे तुकडे कसे पडावेत याविषयी अद्याप कोणी काही म्हटलेले नाही. जाहिरातीत ‘एन.ए. प्लॉट’ एवढेच लिहिलेले आढळले तर वाचकाने पुढचा प्रश्न अवश्य विचारावा.

तिसरी पायरी हीच मुख्य. कर्नाटक नगर व ग्राम नियोजन अधिनियम, १९६१ याचे कलम १७ सांगते की नियोजन क्षेत्रात ज्यास आपल्या भूखंडाची विभागणी करावयाची असेल किंवा खाजगी रस्ता काढावयाचा असेल, त्याने रेखांकनाचा नकाशा नियोजन प्राधिकरणाकडे मंजुरीसाठी सादर केला पाहिजे. बेळगावसारख्या शहरांस त्याशिवाय कर्नाटक नगर विकास प्राधिकरण अधिनियम, १९८७ लागू आहे. त्याच्या कलम ३२ अन्वये प्राधिकरणाच्या स्पष्ट लेखी मंजुरीशिवाय इमारतींसाठी कोणतीही वसाहत किंवा रेखांकन करता येत नाही, करण्याचा प्रयत्नही करता येत नाही. ‘बुडा’ म्हणून आपण जिचा उल्लेख करतो तीच ही बेळगावची संस्था. ‘लेखी’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘साहेबांशी बोलणे झाले आहे’ ही मंजुरी नव्हे.

रस्ते, बाग व सार्वजनिक सोयींच्या जागा मंजूर नकाशात दाखवाव्या लागतात, आणि मालकास त्यांवर भूखंड म्हणून विक्रीचा हक्क राहत नाही; त्या प्राधिकरणाकडे वा स्थानिक संस्थेकडे सोपवाव्या लागतात. मालकास हे नुकसान वाटते. हिशेब करून पाहू. एक एकर म्हणजे ४० गुंठे, अर्थात ४३,५६० चौरस फूट. तीस बाय चाळीसचा भूखंड १,२०० चौरस फुटांचा. काही न सोडता भागाकार केला तर छत्तीस भूखंड निघतात. समजा, रस्ते, बाग व सोयी मिळून शंभरातील पंचेचाळीस भाग गेले, तर उरते २३,९५८ चौरस फूट. म्हणजे एकोणीस भूखंड. छत्तीस आणि एकोणीस यांतील तफावत पाहून पुष्कळांचा धीर सुटतो व ते चोरवाट धरतात. परंतु ज्या वसाहतीत अग्निशामक दलाची गाडी वळत नाही, गटाराचे पाणी शेजाऱ्याच्या ओट्याशी साचते आणि बँक कर्ज देत नाही, तेथील भूखंडास भाव कोण देणार? आमच्या अनुभवात, मंजुरीनंतरच्या एकोणीस भूखंडांची एकूण किंमत आधीच्या अठ्ठाविसांहून कमी भरली नाही.

ज्या जागा नकाशात बाग म्हणून दाखविल्या, त्या पुढे मागे कोणास देऊन टाकता येतील असे समजू नये. बंगळूरच्या एका वसाहतीत बागेसाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयासाठी देण्यात आली होती. रहिवासी न्यायालयात गेले, आणि १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच ठरविले. बंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दप्पा या नावाने तो निकाल प्रसिद्ध आहे. खुद्द शासनास जे करता आले नाही ते एखाद्या जमीनमालकास करता येईल, अशी आशा व्यर्थ होय. तथापि बागेचा कोपरा ‘जादा भूखंड’ म्हणून विकल्याची उदाहरणे आपल्या अवतीभवती आहेत. घेणाऱ्याने मंजूर नकाशा डोळ्यांनी पाहिला असता तर तो फसला नसता.

खेड्यातील जमिनीसंबंधी एक शब्द. ग्रामपंचायतीच्या दफ्तरी नोंद झाली, घरपट्टीची पावती मिळाली, की आपले काम झाले असे पुष्कळजण समजतात. पावती हा कर भरल्याचा पुरावा होय. रेखांकन मंजूर असल्याचा तो पुरावा नव्हे.

आता चौथी पायरी, जी आमच्या वेळी नव्हती. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, ज्यास सर्वत्र ‘रेरा’ म्हणतात, त्याची मुख्य कलमे १ मे २०१७ पासून अमलात आली. हा कायदा केवळ सदनिकांच्या इमारतींसाठी आहे, असा गैरसमज आपल्या मंडळीत अद्याप आढळतो. कलम ३ मध्ये ‘भूखंड’ हा शब्द स्पष्टपणे आहे. नियोजन क्षेत्रातील प्रकल्पाची नोंदणी प्राधिकरणाकडे केल्यावाचून त्यातील भूखंडाची जाहिरात करणे, नोंद घेणे, विकणे, विक्रीस काढणे किंवा खरेदीसाठी कोणास बोलाविणे, या सर्वांस मनाई आहे. सूट आहे ती जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरांहून अधिक नसेल तेव्हा. येथे आपल्या गुंठ्याचा हिशेब घालून पाहावा. एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पाच गुंठे सुमारे ५०६ चौरस मीटर होतात. अर्थात ‘पाचच गुंठे आहेत, आपणास काय करावयाचे’ असे म्हणणारा सहा मीटरांनी चुकतो. शिवाय या सुटीने नोंदणी टळते, रेखांकनाची मंजुरी टळत नाही.

नोंदणीच्या अर्जासोबत काय द्यावे लागते ते पाहिले म्हणजे नकाशा आधी का, याचा उलगडा होतो. मंजूर नकाशा व रेखांकन, रस्ते-पाणी-गटार इत्यादी विकासकामांचा आराखडा, जमिनीच्या टोकांचे अक्षांश-रेखांश, साठेखत व खरेदीखताचे नमुने, आणि मालकी निर्वेध असल्याचे प्रतिज्ञापत्र, बोजा असल्यास त्याच्या तपशिलासह, हे सर्व त्यात येते. त्याच प्रतिज्ञापत्रात काम केव्हा पुरे करणार ती मुदत लिहावी लागते. ती लिहिताना घाई करू नये. पुढे त्याच मुदतीने आपणास मोजले जाते. घेणाऱ्यांकडून आलेल्या रकमेपैकी शेकडा सत्तर भाग स्वतंत्र बँक खात्यात ठेवावा लागतो, आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांवर, कामाच्या प्रमाणातच तो काढता येतो. आम्ही इसाराचे पैसे दुकानात मालासाठी घातले होते. आज ते करता येणार नाही. एका प्रकल्पाच्या पैशातून दुसरीकडे माल भरणे, ही आपल्या धंद्यातील जुनी सवय येथे सोडावीच लागते.

साठेखत नोंदविल्याशिवाय किमतीच्या शेकडा दहापेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही, असे कलम १३ म्हणते. मंजूर नकाशात मागाहून फेरफार करावयाचा तर ज्यांनी भूखंड घेतले आहेत त्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांची लेखी संमती लागते. मुदतीत ताबा दिला नाही तर घेणाऱ्यास व्याजासह रक्कम परत मागता येते. मालकीच सदोष निघाली तर भरपाई द्यावी लागते, आणि त्या मागणीस मुदतीचा कायदा आड येत नाही. हे कलम १८ मधील वाक्य वारसांनीही वाचून ठेवावे. नोंदणी न करता विक्री केल्यास कलम ५९ प्रमाणे प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या शेकडा दहापर्यंत दंड होतो. हुकूम होऊनही भंग चालू ठेवल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

आपल्या सभासदांपैकी पुष्कळजण स्वतः भूखंड पाडीत नाहीत. जमीन आपली, काम दुसऱ्याचे, भूखंडांत निम्मे-निम्मे, असा करार करतात आणि सर्व जबाबदारी काम करणाऱ्यावर आहे असे मानून स्वस्थ बसतात. कायद्याची व्याख्या तशी नाही. जो जमीन विकसित करतो तो आणि जो विकतो तो भिन्न असतील, तर दोघेही प्रवर्तक मानले जातात व दोघांवर संयुक्तपणे दायित्व येते. भागीदारी पेढीच्या नावे जमीन असेल तेथे कोणत्या भागीदाराने कशावर सही केली, हे इतर भागीदारांनी पाहिलेच पाहिजे. दलालीवर भूखंड खपविणारे तरुणही आपल्यात आहेत. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पात त्यांना दलाल म्हणून स्वतःची निराळी नोंदणी लागते.

एवढ्या सर्व पायऱ्या टाळण्यासाठी ज्या वाटा काढल्या जातात, त्यांपैकी दोनच येथे सांगतो. एक वटमुखत्यारपत्राची. खरेदीखत होऊ शकत नाही म्हणून साठेखत, मुखत्यारपत्र व मृत्युपत्र असा जुडगा करून पैसे घेतले जातात. अशा कागदांनी मालकी हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट केले आहे. दुसरी वाट अविभक्त हिश्श्याची. दहा जणांची नावे एका उताऱ्यावर चढवितात आणि कोणाचा तुकडा कोणता हे तोंडी ठरवितात. त्या दहांपैकी एकाने बँकेकडे कर्ज मागितले, किंवा एकाचे निधन झाले, की मग वाद उभा राहतो. घरातील भावाभावांची वाटणी निराळी. तीत प्रत्येकास हिस्सा मिळतो. त्या हिश्श्याचे भूखंड करून परक्यांस विकावयाचे तर पुन्हा मंजुरीच्या दाराशी यावे लागते.

नोंदणी कचेरीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. १९०८ च्या नोंदणी अधिनियमातील कलम २१ सांगते की दस्तातील मिळकतीचे वर्णन ती ओळखता येईल इतके पुरेसे असावे, आणि दस्तात नकाशा असेल तर त्याची खरी प्रत सोबत दिल्याशिवाय तो दस्त नोंदणीस स्वीकारला जाऊ नये. नकाशा आणि दस्त यांची ही गाठ शंभर वर्षांहून जुनी आहे. पण दुय्यम निबंधकाने दस्त नोंदविला म्हणजे त्याने रेखांकन तपासून पसंत केले, असा अर्थ कोणी काढू नये. तो दस्त नोंदवितो. भूखंड वैध की अवैध हा निवाडा त्याचा नव्हे.

पलीकडे चंदगड, कागल, मिरज या भागांत आपल्या पुष्कळ सभासदांच्या जमिनी आहेत. तेथे महाराष्ट्राचा तुकडेबंदी कायदा लागू होतो. मुंबई प्रांताने तो १९४७ साली केला, तेव्हा बेळगाव जिल्हाही त्याच प्रांतात होता. शेतीचे इतके लहान तुकडे पडू नयेत की त्यांत पीकच परवडू नये, हा त्याचा मूळ हेतू. शहरांच्या कडेला मात्र एक-दोन गुंठ्यांची विक्री त्याच्याशी सतत भांडत राहिली. १२ जुलै २०२१ रोजी तेथील नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून, मंजूर रेखांकनाशिवाय अशा गुंठ्यांचे दस्त नोंदवू नयेत असे कळविले. पुढे ५ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक व त्यामागचा नियम रद्द ठरविला. या निकालाने गुंठ्यांचा मार्ग मोकळा झाला, असा गाजावाजा झाला. निकाल नोंदणीपुरता होता. त्याने कोणाचे रेखांकन मंजूर झाले नाही. शिवाय मूळ कायद्यातही अलीकडे दुरुस्त्या होत असतात. व्यवहार ज्या दिवशी करावयाचा त्या दिवशीचा नियम तहसील कचेरीत पाहून घ्यावा.

गोव्यातील बांधवांस ‘सनद’ ठाऊक आहेच. तेथील १९६८ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली ती मिळते आणि आपल्या एन.ए.च्या जागी असते. विभागणीची परवानगी मात्र १९७४ च्या नगर नियोजन कायद्याच्या कलम ४४ खाली निराळी घ्यावी लागते. इंदूर-ग्वाल्हेरकडे वसाहत करणाऱ्यास आधी ‘कॉलनायझर’ म्हणून स्वतःचीच नोंदणी करावी लागते, आणि रस्ते-गटार पुरे होईपर्यंत काही भूखंड नगरपालिकेकडे गहाण राहतात. हैदराबादेसही भूखंड गहाण ठेवून घेण्याची अशीच पद्धत आहे. तेथे अनधिकृत रेखांकने इतकी झाली की शासनास ती पैसे भरून नियमित करण्याच्या योजना काढाव्या लागल्या. २०२० सालची त्यांपैकी एक. अशा योजनेची वाट पाहून आज अवैध भूखंड घेणे म्हणजे माफी मिळेल या भरवशावर उधारी वाढविण्यासारखे आहे. हैदराबादकडीलच एका प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की रेखांकन, रस्ते व सोयी करून देण्याचे वचन देऊन भूखंड विकणे ही ग्राहक कायद्याच्या अर्थाने सेवा आहे. म्हणजे ‘आम्ही नुसती जमीन विकली’ हे उत्तर तेथेही चालले नाही.

घेणाऱ्याच्या बाजूने पाहता काम फारसे अवघड नाही. विकणाऱ्याकडून मंजूर नकाशाची प्रत मागावी व तीवरील क्रमांक-दिनांक घेऊन मंजुरी देणाऱ्या कचेरीत स्वतः जावे. प्रत खरी असेल तर तेथे तिची जोडी मिळते. मग नकाशा हाती घेऊन जागेवर उभे राहावे आणि कोपऱ्यातील दगडापासून फिता धरून मोजावे. आपल्या भूखंडासमोरचा रस्ता नकाशात जितका रुंद आहे तितका जमिनीवर आहे की नाही ते पाहावे. दस्त कचेरीतून बोजाचा दाखला काढावा. रेराच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक घातला असता प्रकल्पाचे पान उघडते; तेथील भूखंडांची संख्या आणि विकणाऱ्याच्या हातातील नकाशावरील संख्या जुळली पाहिजे. आमच्या नात्यातील एका गृहस्थांनी एवढे एकच केले, तेव्हा त्यांस देऊ केलेला क्रमांक तेथे मुळी नव्हताच असे आढळले. इसार वाचला. विकणारे काही काळ रागावले, एवढेच.

शेवटी आपल्याच घरातील गोष्ट. या स्मरणिकेच्या पानांतून भूखंडांच्या जाहिराती आपण पूर्वीपासून घेत आलो आहोत, आणि त्यांच्या उत्पन्नावर छपाईचा बराचसा खर्च भागतो. रेरा कायद्यात जाहिरातीची व्याख्या फार विस्तृत आहे. पत्रक, सूचना, परिपत्रक, कोणत्याही रूपातील प्रसिद्धी तीत मोडते, आणि नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक व प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे छापावा लागतो. आमची जाहिरात समितीस अशी विनंती आहे की, यापुढे भूखंडांची जाहिरात स्वीकारताना मंजूर रेखांकनाची प्रत व नोंदणी क्रमांक मागून घ्यावा. नोंदणी लागू नसेल तर क्षेत्राचा उतारा घ्यावा. जाहिरात देणारा सभासद कितीही जुना असो, हा कागद आधी व मजकूर नंतर. दोन-चार पाने कमी भरतील. तो तोटा सोसण्याची तयारी ठेवावी.